हरवलेल्या लेकरांचे बाप

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आष्टीला एका नातलगाच्या घरी आम्ही मुक्कामाला होतो. ही आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे या एका गोष्टीवर सगळे येऊन थांबते.

जेवणे आटोपली होती. घरातली पोरे टीव्हीसमोर बसली होती. ‘तीन’ नावाचा २०१६ सालचा हिंदी सिनेमा लागला होता. अमिताभ बच्चन त्यात कोलकात्यातला एक म्हातारा आजोबा झाला आहे. त्याच्या नातीचे अपहरण होऊन आठ वर्षे उलटली आहेत. ती जिवंत परत आली नाही आणि गुन्हेगार सापडलेला नाही. तो रोज पोलीस ठाण्यात जातो, बाकावर बसतो, काही कळले का म्हणून विचारतो आणि घरी परततो. मग एके दिवशी अगदी तशाच पद्धतीने आणखी एका मुलाचे अपहरण होते आणि खेळ रंगू लागतो. पोरे डोळे न हलवता पाहत होती.

शेजारचे एक आबा गप्पा मारायला म्हणून येऊन बसले होते. वय सत्तरीच्या आसपास. ठाण्यातल्या बाकाचा प्रसंग आला तसे ते उठले. पायात वहाणा घातल्या आणि ‘येतो’ एवढे म्हणून अंधारात निघून गेले. आम्हांला वाटले झोप आली असेल. तेव्हा घरातल्या वहिनी हळूच म्हणाल्या, “त्यांचं लेकरू हरवलंय भाऊजी. लई वर्षं झाली. त्यांना असलं बघवत नाही.”

पोरांनी आवाज कमी केला, पण सिनेमा बंद केला नाही. दोष पोरांचा नाही. रहस्यकथा हा प्रकारच असा आहे, की शेवट कळल्याशिवाय उठवत नाही. पण आबांच्या गोष्टीला शेवटच आलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितले ते त्यांच्या संमतीने लिहीत आहोत. नाव देत नाही.

फडातला तो दिवस

साल १९९८. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन आबा आणि त्यांची बायको, असा एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर ऊसतोडीला गेले. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत शिकणारा. त्याला घरी ठेवावे तर सांभाळणारी आजी त्याच साली वारली होती. म्हणून लेकरू बरोबर घेतले. मराठवाड्यातल्या हजारो घरांची हीच रीत आहे. ज्यांनी कोपीत दिवस काढले त्यांना आम्ही नवे काय सांगणार?

“पहाटं चारला फडात गेलो,” आबा सांगत होते. “लेकरू कोपीत निजलेलं. संगं बाकीच्यांची पोरं व्हती. दुपारी मोळ्या बांधून आलो तर पोरं खेळायलीत आन् मपलं त्याच्यात नाही. कुणी म्हणलं बाजाराच्या वाटंनं गेलं, कुणी म्हणलं पाटाकडं गेलं. विहिरी पाह्यल्या. पाट पाह्यला. दोन दिवस बाप्ये-बाया समद्यांनी रान धुंडाळलं.”

तिसऱ्या दिवशी ते तिथल्या पोलीस ठाण्यात गेले. ‘नातलगांकडं गेला असेल, येईल. दोन-चार दिवस वाट बघा,’ असे उत्तर मिळाले. पाचव्या दिवशी एका वहीत चार ओळी लिहून घेतल्या. फोटो मागितला. फोटो कुठून असणार? त्या काळी आमच्या घरांत लेकरांचे फोटो काढायची ऐपत नव्हती. गाव विचारले. आबांनी सांगितले, आष्टी. लिहिणाऱ्याने पुढे विचारले नाही आणि आबांना वाटले, सरकारला आष्टी ठाऊकच असेल.

इकडे मुकादमाचा तगादा. उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नव्हता. लेकरू हरवलेले असतानाही नवरा-बायको पहाटे कोयता घेऊन उसात उतरत होते. हंगाम संपला, टोळी गावी आली, आबा महिनाभर तिथेच थांबले. बाजार, देवळे, एसटीचे तळ पालथे घातले. मग पैसे संपले.

दोन वर्षांनी ते पुन्हा त्या ठाण्यात गेले. एका शिपायाला दया आली, त्याने जुने कागद काढून दाखवले. तपासासाठी एक पत्र गेले होते आणि त्याचे उत्तरही आले होते, की या नावाचे कुटुंब गावात राहत नाही. आबा चौथी शिकलेले. त्यांनी पत्त्याची ओळ स्वतः वाचली. लिहिले होते : आष्टी, जिल्हा बीड.

आष्टी किती?

नकाशा उघडून पाहा. बीड जिल्ह्यात आष्टी आहे, ती तालुक्याचे ठिकाण आहे. वर्धा जिल्ह्यात आष्टी आहे, बेचाळीसच्या लढ्यातल्या हुतात्म्यांमुळे ती प्रसिद्ध आहे. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात आष्टी आहे. आणि ही आमची, परतूर तालुक्यातली. ऊसतोड कामगार म्हटला की तो बीडचाच, असे लिहिणाऱ्याने धरून चालले. एका शब्दाच्या चुकीने एका बापाचा तपास दुसऱ्याच गावाला गेला आणि तिथेच संपला.

सात वर्षांच्या लेकराला कोणी विचारले असेल, तर तेही ‘आष्टी’ एवढेच सांगणार. त्याला तालुका, जिल्हा कोणी शिकवलेला नव्हता.

ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटत असेल, तर सरू ब्रायर्ली यांचे उदाहरण घ्या. मध्य प्रदेशातल्या खांडव्याचा हा गरीब घरचा मुलगा. १९८६ साली पाच वर्षांचा असताना भावाबरोबर बुऱ्हाणपूर स्टेशनवर गेला. बुऱ्हाणपूर आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून. तिथे तो एका रिकाम्या गाडीत झोपी गेला आणि पार कोलकात्याला पोहोचला. त्याला आपल्या वस्तीचे नाव नीट सांगता येत नव्हते. ‘गणेश तलाई’ हे नाव त्याच्या तोंडून वेगळेच काहीतरी निघे. त्या नावाचे गाव कोणालाच सापडेना. शेवटी तो ऑस्ट्रेलियातल्या एका कुटुंबात दत्तक गेला. मोठा झाल्यावर संगणकावर उपग्रहाचे नकाशे बघत बघत, स्टेशनजवळची पाण्याची टाकी आणि पूल ओळखून, २०१२ साली तो आईच्या दारात उभा राहिला. त्याच्या आयुष्यावर ‘लायन’ हा सिनेमा २०१६ साली आला. आई तोवर त्याच भागात राहिली होती, लेकरू परत आले तर सापडावे म्हणून. आणि ज्या भावाबरोबर तो गेला होता, तो त्याच रात्री रेल्वेखाली सापडून गेला होता. दोन मुले एका रात्रीत गेली. पंचवीस वर्षांनी त्यांतले एक आले.

एका वस्तीचे नाव बरोबर सांगता आले असते, तर कदाचित पंचवीस दिवसही लागले नसते.

गरिबाचे लेकरू हरवते तेव्हा

सिनेमातला बाप एकटा तपास करतो. त्याच्याजवळ वेळ असतो, पैसा असतो, कधी एखादा दयाळू अधिकारी असतो. आमच्या बापाला दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते. आणि ठाण्याच्या पायरीवर त्याचे कपडे पाहूनच त्याच्या दुःखाचे वजन केले जाते. हे आम्ही रागाने म्हणत नाही, याचे दाखले आहेत.

आपल्या महाराष्ट्रातले कोल्हापूरचे बालहत्याकांड जुन्या वाचकांना आठवत असेल. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या सहा वर्षांत त्यांनी कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई-ठाण्याच्या भागांतून लहान मुले पळवली. गर्दीत पाकीट मारताना, दागिने ओढताना कडेवर मूल असले की कोणी संशय घेत नाही. पकडले गेलेच तर मुलाला आपटून रडवायचे आणि गर्दीचे लक्ष वळवायचे. मूल जड झाले, रडू लागले, की त्याला मारून टाकायचे. १३ मुलांच्या अपहरणाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला.

सहा वर्षे हे चालले कसे? कारण त्यांतली बहुतेक मुले गरिबांची होती. झोपडपट्टीतली, देवळाच्या पायरीवरची, स्टेशनच्या फलाटावरची. एकेका ठाण्याच्या वहीत एकेक मूल ‘हरवले’ म्हणून पडून राहिले. कोल्हापूरचे मूल आणि पुण्याचे मूल यांचा संबंध कोणी जोडला नाही. उलगडा झाला तो अंजनाबाईच्या माजी नवऱ्याच्या घरातून. त्याच्या दुसऱ्या संसारातली मुलगी नाहीशी झाली आणि घरच्यांनी संशयितांची नावे घेऊन तक्रार केली. नोव्हेंबर १९९६ मध्ये मायलेकींना अटक झाली. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला, म्हणून बाकीचे बाहेर आले. तरीही सगळे खून न्यायालयात सिद्ध होऊ शकले नाहीत.

अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मेली. बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००४ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली. २०१४ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तो निकाली निघायला इतकी वर्षे लागली, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. फाशी व्हावी की नाही हा वेगळा वाद आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की पहिल्या मुलाची तक्रार मनावर घेतली गेली असती, तर पुढची मुले वाचली असती.

दहा वर्षांनी दिल्लीजवळ नोएडातल्या निठारी गावात तेच झाले. मजुरांची, घरकाम करणाऱ्यांची मुले एकामागून एक नाहीशी होत होती. बाप ठाण्यात खेटे घालत होते आणि ‘मुलगी कोणाबरोबर तरी पळून गेली असेल’ अशी उत्तरे ऐकत होते. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात मुलांचे अवशेष सापडले तेव्हा देश हादरला. २०२४ साली आलेला ‘सेक्टर ३६’ हा सिनेमा याच प्रकरणावर बेतलेला आहे. सिनेमाला निदान शेवट आहे. खऱ्या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासातल्या त्रुटींवर बोट ठेवून ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोपींना मुक्त केले आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातही ती मुक्तता कायम राहिली. मग त्या मुलांना मारले कोणी? जवळजवळ वीस वर्षांनंतरही त्या बापांना याचे उत्तर नाही.

शोधणारा माणूस असला तर

हे सगळे वाचून मन खचेल, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात त्या हद्दीतून १६६ मुली हरवल्या. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६५ शोधून काढल्या. राहिली एक. सात वर्षांची, २२ जानेवारी २०१३ रोजी शाळेत जाताना नाहीशी झालेली. २०१५ साली भोसले निवृत्त झाले, पण तिचा फोटो खिशात ठेवून शोधत राहिले. तिच्या आईवडिलांना भेटत राहिले.

४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली. साडेनऊ वर्षांनी, आणि घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर! मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेले होते आणि पुढे स्वतःचे मूल झाल्यावर तिला कामाला जुंपले होते. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने मोबाईलवर शोध घेतला, तेव्हा २०१३ सालची ‘हरवली आहे’ ही जाहिरात निघाली. त्या जाहिरातीवरचा एक फोन नंबर अजून चालू होता. शेजाऱ्याचा. एका शेजाऱ्याने आपला नंबर बदलला नाही, म्हणून एक लेक आईला भेटली. वडिलांना मात्र ती भेटली नाही. ते काही महिन्यांपूर्वीच वारले होते.

दुसरी हकीकत नागपूरची. रेल्वे स्थानकावर एक लहान मुलगा सापडला होता. त्याला नीट बोलता येत नव्हते, नाव-गाव सांगता येत नव्हते. एका कुटुंबाने त्याला मुलासारखे वाढवले. शाळेसाठी आधार कार्ड काढायला नेले, तर अर्ज नामंजूर होऊ लागला. कारण त्याच्या बोटांच्या ठशांवर आधीच एक आधार निघालेले होते, जबलपूरचे. २०२१ साली, म्हणजे सुमारे दहा वर्षांनी, तो आपल्या जन्मदात्या आईवडिलांना भेटला. आधारसाठी आपल्या लोकांना किती हेलपाटे पडतात, रेशनसाठी अंगठा उमटत नाही म्हणून किती त्रास होतो, हे आम्ही जाणतो. पण त्याच अंगठ्याने एका घरी लेकरू परत आणले, हेही खरे.

बापाने कुठे रडावे?

आबांना आम्ही विचारले, घरी कधी बोलता का याविषयी? ते म्हणाले, “ती व्हती तवर ती रडायची, म्या गप राहायचो. दोघांनी रडून कसं चालंल? आता ती नाही. आता रडावं तर कुणाफुडं?”

आईच्या दुःखाला आपल्याकडे वाट आहे. बाया जमतात, गळ्यात पडतात. बाप माणूस बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. किसा गोतमीची कथा आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण मज्झिम निकायातल्या पियजातिक सुत्तात एक बापही आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. श्रावस्तीतला एक गृहस्थ. त्याचा एकुलता एक लाडका मुलगा वारला. त्याला काम सुचेना, जेवण जाईना. तो रोज स्मशानात जाई आणि ‘माझ्या एकुलत्या बाळा, तू कुठे आहेस’ असा टाहो फोडी. तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला सांगितले, की शोक आणि दुःख प्रिय माणसांपासूनच उपजते. त्याला ते पटले नाही. प्रिय माणसांपासून तर आनंद मिळतो, असे म्हणून तो उठून गेला.

आम्हांला ही कथा मोलाची वाटते, ती त्या उठून जाण्यामुळे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बापाला साक्षात बुद्धाचे म्हणणेही त्या घडीला पचले नाही आणि सुत्ताने ते लपवून ठेवले नाही. दुःखी बापाला घाईने उपदेश करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांनाही हे दुःख चुकले नाही. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, चार लेकरे त्यांनी आणि रमाईंनी गमावली. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. लाखोंना उभे करणारा हा माणूस त्या पत्रात एक पार खचलेला बाप आहे. त्याने ते लपवले नाही. मग आपल्या वस्तीतल्या बापांनी का लपवावे?

पण श्रावस्तीच्या त्या बापाला निदान स्मशान होते. हरवलेल्या मुलाच्या बापाला तेही नाही. आबांच्या घरी नातलग म्हणाले, ‘आता इतकी वर्षं झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करून टाका, मन मोकळं होईल.’ आबांनी नकार दिला. “करून टाकलं आन् ते उद्या आलं तर?” असे त्यांनी विचारले. याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दक्षिण कोरियातही अशाच बापांची एक हकीकत आहे. १९९१ साली देगू शहरातली पाच मुले सुट्टीच्या दिवशी डोंगरात गेली ती परतली नाहीत. त्यांचे बाप कामधंदा सोडून, गाडीवर मुलांचे फोटो लावून देशभर फिरले. अकरा वर्षांनी, २००२ साली, त्याच डोंगरात मुलांचे सांगाडे मिळाले. एक बाप त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. आणि २००६ साली तिथल्या कायद्याची मुदत संपली. गुन्हेगार सापडला असता तरी खटला चालला नसता. पुढे २०१५ साली कोरियाने खुनासाठीची ही मुदतच रद्द केली.

आपल्या कायद्यात अपहरणासारख्या गुन्ह्याला अशी मुदत नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या लहान गुन्ह्यांनाच ती लागू होते. म्हणजे १९९८ साली पळवलेल्या लेकराच्या बाबतीत आजही गुन्हा दाखल होऊ शकतो. हे आम्ही आबांना सांगितले, तेव्हा त्यांनी ते दोनदा सांगायला लावले.

प्रत्येक घराने हे पाठ करावे

वाचक बंधू-भगिनींनो, हे पान कापून भिंतीला लावले तरी चालेल.

१) मूल दिसेनासे झाले की त्याच दिवशी, त्याच घटकेला पोलीस ठाण्यात जा. ‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. १०९८ हा मुलांसाठीचा आणि ११२ हा पोलीस मदतीचा फोन फुकट लागतो.

२) मूल अठरा वर्षांच्या आतले असेल, तर नुसती वहीत नोंद पुरत नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला आहे, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवले गेले असे धरून गुन्हा नोंदवावा. हल्ली तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली नोंदवतात. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

३) ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण चालत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने फिर्याद घेतली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हे स्पष्ट लिहिले आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

४) घेतली नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, पोच जपून ठेवा. तरी दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे गेला की नाही, ते विचारा.

५) लेकराला स्वतःचे पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि एक फोन नंबर पाठ करून घ्या. त्रिसरण-पंचशील जसे पाठ करून घेता, तसेच. कामावर बरोबर नेत असाल, तर सदऱ्याच्या आत कापडाच्या तुकड्यावर हे सगळे लिहून शिवा.

६) दर वर्षी मुलाचा समोरून चेहरा दिसेल असा एक फोटो काढा. अंगावरचे डाग, तीळ, जखमेच्या खुणा कागदावर लिहून ठेवा.

७) पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षे पूर्ण झाली की ते द्यावे लागतात, पुन्हा पंधराव्या वर्षी. हे राहू देऊ नका.

८) एखादे हरवलेले लेकरू तुम्हांला सापडले, तर दयेपोटीही घरी ठेवून घेऊ नका. चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवा. त्याचा बाप कुठेतरी बाकावर बसला असेल.

एक दुरुस्ती

आबांकडे त्या मुलाची एकच खूण आहे. १९९८ च्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत गावातल्या कोणीतरी काढलेला एक फोटो. त्यात तीस-चाळीस माणसे आहेत आणि पुढच्या रांगेत हातात निळा झेंडा घेतलेला एक पोरगा. चेहरा डाळीच्या दाण्याएवढा. तो फोटो पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्या हाती लागला. परतूर स्टेशनवर ते अजूनही कधीमधी जाऊन बसतात. लेकरू आता तिशी ओलांडून गेले असेल, ओळखाल कसे, असे विचारले तर म्हणतात, “डाव्या कानामागं भाजल्याचा डाग हाये. गाडीतून उतरणाऱ्याचे म्या कान बघतो.”

वस्तीतल्या त्याच पोरांनी, जी त्या रात्री सिनेमा बघत होती, मोबाईलवर त्या फोटोतला चेहरा मोठा करून दिला. एकाने अर्ज लिहिला. भाजल्याचा डाग लिहिला, साल लिहिले, कारखान्याचे ठिकाण लिहिले. आबांना घेऊन आम्ही तिघे-चौघे ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज पूर्ण वाचला, दोन प्रश्न विचारले आणि तो संबंधित जिल्ह्याकडे पाठवतो असे सांगून शिक्का मारून पोच दिली. यातून काही निष्पन्न होईल की नाही, ते आज सांगता येत नाही. आम्ही आबांना खोटी आशा दाखवली नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसून तो कागद वाचायला घेतला. बाकीचे सगळे त्यांनी सोडून दिले. बोट ठेवून एकच ओळ वाचली : मुक्काम आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना.

“आता बरोबर लिव्हलंय,” ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.